विमानवाहू नौकेचे खरे कवच

दाबोळीच्या धावपट्टीवरून मिग-२९के जातीची लढाऊ विमाने कानठळ्या बसविणारा आवाज करीत समुद्राकडे झेपावतात, तेव्हा वास्को-चिखली परिसरातील माणूस आता मान वर करूनही पाहत नाही. सवयीचा हा परिणाम. १९८३ पासून याच धावपट्टीवर नौदलाची सी हॅरिअर विमाने होती. २०१६ साली ती निवृत्त झाली आणि त्यांची जागा मिग विमानांनी घेतली. नौकेच्या पुढच्या टोकाला असतो तसा वर उचललेला उतारही ‘हंसा’ तळावर जमिनीवरच बांधलेला आहे. उड्डाणाची आणि उतरण्याची तालीम तेथे होते. या विमानांचे खरे घर मात्र भरसमुद्रात आहे : ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन विमानवाहू नौकांवर. म्हणून क्षेपणास्त्रांच्या या युगात विमानवाहू नौका तग धरेल काय, हा प्रश्न गोमंतकीयांना परक्या मुलखातला वाटण्याचे कारण नाही. त्याचा आवाज आपण रोज ऐकतो. त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारात घेतो.

तिसरी विमानवाहू नौका बांधावी की नाही, हा वाद गेली काही वर्षे देशात चालू आहे. एक पक्ष म्हणतो, ही नौका राष्ट्राच्या सामर्थ्याचे प्रतीक आहे, ती हवीच. दुसरा पक्ष म्हणतो, हा पांढरा हत्ती आहे, एका क्षेपणास्त्राने तो लोळेल, त्यापेक्षा पाणबुड्या घ्या. समुद्राच्या पृष्ठभागावरचे काहीही उपग्रहाला दिसते आणि क्षेपणास्त्राला सापडते, अशी शंका २०२० साली तत्कालीन संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही जाहीरपणे बोलून दाखविली होती. आमच्या मते दोन्ही पक्ष नौकेच्या आकाराकडे पाहत आहेत आणि मुख्य प्रश्न बाजूला पडत आहे. विमानवाहू नौका तिच्या पोलादाने वाचत नाही, तिच्यावरील तोफांनीही फारशी वाचत नाही. येणारे संकट तिला किती लवकर दिसते, यावर तिचे जगणे-मरणे ठरते.

मोठ्या जहाजाला लहान नौकेने जेरीस आणण्याची कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. आंग्र्यांच्या गलबतांनी परकीयांच्या थोर थोर जहाजांना ती अद्दल घडविली होती. क्षेपणास्त्राच्या काळात त्याच गोष्टीची पहिली प्रचीती आली ती २१ ऑक्टोबर १९६७ रोजी. त्या दिवशी इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी रशियन बनावटीच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘ऐलात’ ही विनाशिका बुडविली. हा धडा भारताने चटकन उचलला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या आपल्या तीन छोट्या नौका कराचीवर चालून गेल्या आणि त्याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी त्यांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका तळाला पाठविली. त्याच युद्धात जुनी ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथील तळांवर मारा करून पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद केला. एकाच युद्धात भारताने क्षेपणास्त्राची धारही दाखविली आणि विमानवाहू नौकेची उपयुक्तताही. तेव्हा यांपैकी कोणत्याही गोष्टीविषयी अज्ञानाची सबब आपल्याला सांगता यावयाची नाही.

विमानवाहू नौका आणि क्षेपणास्त्र यांची खरी गाठ पडली ती १९८२ साली, दक्षिण अटलांटिक महासागरात. फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे युद्ध जुंपले होते. ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती ‘हर्मिस’. हीच नौका पुढे १९८७ साली ‘विराट’ हे नाव धारण करून आपल्या नौदलात आली आणि मार्च २०१७ पर्यंत सेवेत राहिली. म्हणजे फॉकलंडची कथा ही एका परीने आपल्याच नौकेच्या पूर्वायुष्याची कथा आहे.

अर्जेंटिनापाशी विमानातून सोडण्याची एक्झोसेट क्षेपणास्त्रे अवघी पाच होती. ब्रिटिश ताफ्यात दोन विमानवाहू नौका होत्या, विनाशिका होत्या, फ्रिगेटी आणि पाणबुड्या होत्या. नव्हता तो उंचावरचा डोळा. ‘आर्क रॉयल’ ही मोठी विमानवाहू नौका ब्रिटनने १९७० च्या दशकाअखेरीस सेवेतून काढली होती आणि तिच्याबरोबरच आकाशातून टेहळणी करणारी गॅनेट विमानेही गेली होती. उलट ४ मे १९८२ च्या सकाळी अर्जेंटिनाचे एक जुनेपुराणे नेपच्यून टेहळणी विमान दुरून रडारने ब्रिटिश नौकांचा माग काढीत होते. त्याने दिलेल्या खबरीवरून दोन सुपर एतांदार विमाने लाटांना लगटून आली, क्षणभर वर उठली, दोन क्षेपणास्त्रे सोडून माघारी फिरली. त्यांतले एक ‘शेफिल्ड’ या विनाशिकेवर आदळले. वीस माणसे मृत्युमुखी पडली आणि आगीने पोळलेली ती नौका ओढून नेत असता १० मे रोजी बुडाली. त्या दिवशी जो पक्ष पाहू शकत होता तो जिंकला. त्याचा डोळा म्हातारा होता, पण होता.

या घटनेचा चौकशी अहवाल संपूर्ण स्वरूपात लोकांपुढे यायला २०१७ साल उजाडले. तो अहवाल कोणत्याही नौदलाने उशाशी ठेवावा असा आहे. शेजारच्या ‘ग्लासगो’ या विनाशिकेने शत्रुविमानांची चाहूल घेऊन इशारा दिला होता. परंतु त्याआधी अनेक खोटे इशारे होऊन गेले होते आणि हाही त्यांपैकीच एक असावा असे समजले गेले. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते. ती युद्धनौकेवरही घडते. ‘शेफिल्ड’च्या युद्धकक्षातील हवाई संरक्षणाचा अधिकारी त्या घटकेला जागेवर नव्हता. नौका उपग्रहामार्फत संदेश पाठवीत होती आणि त्यामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे तिचे यंत्र बधिर झाले होते. क्षेपणास्त्राला चकविण्यासाठी धातूच्या तंतूंचा ढग हवेत सोडावयाचा असतो, तोही सोडला गेला नाही. यंत्रे होती, माणसेही होती. जागेपण नव्हते.

पुढे २५ मे रोजी आणखी दोन एक्झोसेट आली. युद्धनौकांनी धातुतंतूंचे ढग सोडून आपल्यापुरता बचाव केला. क्षेपणास्त्रे गेली ती ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर, कारण त्याच्यापाशी असे काही साधनच नव्हते. बारा माणसे दगावली, मोलाची हेलिकॉप्टरे जळून गेली आणि ब्रिटिश सैनिकांना ते चिखलाळ बेट पायी तुडवावे लागले. ‘हर्मिस’ वाचली, पण तिला बेटांपासून बरेच पूर्वेला राहावे लागले. त्यामुळे तिच्या विमानांना रणभूमीवर घिरट्या घालण्यास वेळ थोडा मिळे. नौका दूर ठेवून वाचविता येते, मात्र जितकी दूर तितकी ती निरुपयोगी, हा त्यातला पेच. ब्रिटनने मग घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरवर टेहळणीचे रडार बसविले. ते तयार होऊन निघेपर्यंत युद्ध संपले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे.

उंचावरच्या डोळ्याचे एवढे महत्त्व का, हे समजण्यास मोठे शास्त्र लागत नाही. मासेमारीला जाणारा खलाशी दूरचे पाहण्यासाठी डोलकाठीवर का चढतो? पृथ्वी गोल आहे आणि रडारलाही क्षितिजापलीकडचे दिसत नाही. नौकेवरचे रडार पाण्यापासून २५ मीटर उंच असेल आणि क्षेपणास्त्र पाण्यावरून ५ मीटर उंचीने येत असेल, तर ते सुमारे ३० किलोमीटरवर आल्याखेरीज दिसूच शकत नाही. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणाऱ्या साध्या क्षेपणास्त्रालाही हे अंतर कापण्यास शंभर सेकंद पुरतात. आपल्या ‘ब्रह्मोस’सारख्या, ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला अर्धा मिनिट पुरे. त्या अर्ध्या मिनिटात ते ओळखायचे, निर्णय घ्यायचा, प्रतिक्षेपणास्त्र सोडायचे, ते चुकले तर दुसरे सोडायचे. आता हेच रडार ३,००० मीटर उंचीवर नेले, तर क्षितिज सुमारे २३५ किलोमीटरपर्यंत हटते. साध्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत शंभर सेकंदांची तेरा मिनिटे होतात. एवढ्या अवधीत नौकेवरची विमाने पुढे जाऊ शकतात आणि पुष्कळदा क्षेपणास्त्र सोडणाऱ्या विमानालाच गाठू शकतात. बाण पाडण्यापेक्षा धनुर्धर पाडणे केव्हाही सोपे.

विमानवाहू नौका म्हणजे उघड्यावर बांधलेले बोकड, असे मानणाऱ्यांनीही एक हिशेब करून पाहावा. ‘विक्रांत’चा वेग ताशी २८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५२ किलोमीटर. शत्रूच्या उपग्रहाने तिला एकदा पाहिले आणि ती खबर मारा करणाऱ्यापर्यंत पोहोचण्यास एक तास गेला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कोठेही असू शकते. हे क्षेत्रफळ अवघ्या गोव्याच्या सव्वादोनपटीहून अधिक भरते. विमानतळाचे तसे नसते. तो आज जेथे आहे तेथेच उद्याही सापडतो. चीनने १,५०० किलोमीटरच्या आसपास पल्ला असलेले डीएफ-२१डी हे क्षेपणास्त्र खास विमानवाहू नौकांसाठी सिद्ध केले आहे. पाकिस्ताननेही नोव्हेंबर २०२४ मध्ये युद्धनौकेवरून सोडावयाच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ही आयुधे क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांनाही आधी शोधावे लागते, माग ठेवावा लागतो, शेवटच्या क्षणी नेमके लक्ष्य ओळखावे लागते. या साखळीतली कोणतीही एक कडी तोडली तरी बाण वाया जातो. रडार बंद ठेवून मौन पाळणे, फसवे लक्ष्य उभे करणे, शत्रूचे टेहळणी विमान दूर असतानाच हुसकावणे, ही सारी त्या कड्या तोडण्याचीच कामे होत.

एवढे करूनही काही क्षेपणास्त्रे पोहोचणारच, आणि तेथे भोवतालच्या रक्षक नौकांचे काम सुरू होते. आपल्या बंदराचे नाव धारण करणारी ‘मुरगाव’ ही विनाशिका १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. इस्रायलच्या सहकार्याने विकसित केलेली ‘बराक-८’ जातीची ३२ प्रतिक्षेपणास्त्रे तिच्यावर असतात. येणाऱ्या प्रत्येक क्षेपणास्त्रावर खात्रीसाठी दोन सोडली, तर सोळा क्षेपणास्त्रे परतविल्यानंतर तिचा भाता रिकामा. हा भाता भरसमुद्रात पुन्हा भरता येत नाही, त्यासाठी बंदर गाठावे लागते. शत्रूने आधी स्वस्त ड्रोनांचा थवा पाठविला आणि मागाहून खरी क्षेपणास्त्रे, तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

तांबड्या समुद्रात ही गोष्ट नुकतीच घडून गेली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे यांचा मारा सुरू केला. जहाजांवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा युद्धात प्रयोग होण्याचीही ती पहिलीच वेळ होती. व्यापारी जहाजे बुडाली, खलाशी मेले. अमेरिकेची विमानवाहू नौका मात्र एकही घायाळ झाली नाही. आकाशात हॉकआय विमानांचा जागता पहारा होता आणि भोवती विनाशिकांचे कडे होते. तरीही जानेवारी २०२४ मध्ये ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेला एक क्षेपणास्त्र जवळजवळ दीड किलोमीटरवर आले असता शेवटच्या तोफेने पाडावे लागले. काही हजार डॉलरांच्या ड्रोनवर वीस-वीस लाख डॉलरांची क्षेपणास्त्रे खर्ची पडली, ती निराळीच. याच्या उलट बाजूला रशियाची ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर नौका आहे. हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे तिच्यावर भरपूर होती. युक्रेनच्या दोन नेपच्यून क्षेपणास्त्रांनी तिचा घात केला आणि १४ एप्रिल २०२२ रोजी ती काळ्या समुद्राच्या तळाशी गेली. शस्त्र असणे आणि सावध असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा चाळीस वर्षांनी पुन्हा गिरविला गेला.

आता आपल्या घरात डोकावू. ‘विक्रांत’ ही आपल्या कारागिरांनी कोचीत बांधलेली नौका. २६२ मीटर लांबीची, सुमारे ४५,००० टनांची, वीस हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च झालेली. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली तेव्हा प्रत्येक भारतीयाची छाती अभिमानाने फुलली आणि ती फुलावी हेही योग्यच. परंतु तिच्या डोळ्याचे काय? वर उचललेल्या उतारावरून झेप घेण्याच्या पद्धतीत हॉकआयसारखे जड टेहळणी विमान उडविता येत नाही, त्याला गोफणीप्रमाणे भिरकावणारे कॅटापल्ट लागते. म्हणून आपली सारी भिस्त कामोव्ह-३१ या रशियन हेलिकॉप्टरांवर. ती मोजकी आहेत, आणि एका उड्डाणात दोन-अडीच तास आकाशात राहू शकतात. अहोरात्र पहारा ठेवायचा तर दिवसाकाठी नऊ-दहा उड्डाणे हवीत, आणि हे किती दिवस चालविता येईल? दाबोळीवरून उडणारी पी-८आय ही टेहळणी विमाने उत्तम आहेत. किनाऱ्यापासून फार दूर गेलेल्या ताफ्यावर मात्र ती अखंड छत्र धरू शकणार नाहीत. फ्रान्सची ‘शार्ल द गोल’ ही आपल्या ‘विक्रांत’हून थोडी लहानच आहे, तरी तिच्यावर कॅटापल्ट आहे आणि हॉकआयही आहेत. चीनने तर विद्युत्चुंबकीय कॅटापल्ट असलेली ‘फूजियान’ नौका नोव्हेंबर २०२५ मध्ये सेवेत घेतली आणि तिच्यासाठी स्वतःचे टेहळणी विमानही घडविले.

मग पाणबुड्या घेऊन विमानवाहू नौकांना रामराम ठोकावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. पाणबुडी शत्रूला समुद्र वापरू देत नाही हे खरे, पण आपल्या व्यापारी जहाजांना ती छत्र देऊ शकत नाही, परदेशी अडकलेल्या आपल्या माणसांच्या माथ्यावर विमान पाठवू शकत नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा ‘विक्रांत’चा ताफा उत्तर अरबी समुद्रात उभा होता. त्याचे वजन शत्रूच्या हिशेबात पडलेच असणार. पाणबुडी आणि विमानवाहू नौका या सवती नव्हेत. प्रश्न एवढाच की जी नौका आपण घेतो तिचा संसार पुरता मांडतो काय. नौका येते, विमाने मागाहून. २६ राफेल-मरीन विमानांचा सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, ‘विक्रांत’ दाखल झाल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने. विमानांची किंमत नौकेच्या तिप्पट! हे आधी कोणी जनतेला सांगितले होते काय?

यासाठी आमची मागणी साधी आहे. तिसऱ्या नौकेचा प्रस्ताव संसदेपुढे येईल तेव्हा केवळ नौकेची किंमत सांगून भागवू नये. नौका, तिच्यावरची विमाने, तिच्या रक्षक विनाशिका, त्यांच्या भात्यातील आणि कोठारातील प्रतिक्षेपणास्त्रे आणि तिचा उंचावरचा डोळा, या सर्वांचे मिळून एकच अंदाजपत्रक मांडावे. ते झेपत असेल तर नौका अवश्य बांधावी, कॅटापल्टसह बांधावी. झेपत नसेल तर तिसरीचा आग्रह सोडून हाती असलेल्या दोन नौकांना पुरती दृष्टी द्यावी, मग तो डोळा अधिक हेलिकॉप्टरांचा असो की दीर्घकाळ तरंगणाऱ्या मानवरहित विमानांचा. आणि नौदलातील अपघातांचे व चुकांचे अहवाल, गुप्ततेचा भाग वगळून, वेळेवर प्रसिद्ध व्हावेत. ‘शेफिल्ड’च्या धड्यासाठी ब्रिटिश जनतेला पस्तीस वर्षे थांबावे लागले. चुका झाकल्याने शत्रू फसत नाही, आपलेच नाविक फसतात.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही आपली फ्रिगेट बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. ‘विक्रांत’वर सुमारे सोळाशे माणसे असतात. दाबोळीहून उडणारे विमान संध्याकाळी ज्या नौकेवर परतते, तिच्यावर कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी पहाऱ्याला उभी असते. त्यांच्या अंगी धैर्य आहे, त्याविषयी कोणी शंका घेऊ नये. त्या धैर्याला शंभर सेकंद द्यायचे की तेरा मिनिटे, हे मात्र त्यांच्या हाती नाही. ते दिल्लीच्या हाती आहे, आणि दिल्लीला जाब विचारणाऱ्या आपल्या हाती आहे.